सांजप्रार्थनेचं गिऱ्हाईक

दुकानाच्या जाळीवर टिचकी वाजली तेव्हा फुआतिनो भजनाच्या तिसऱ्या कडव्यात होती.

तिने गाणं थांबवलं नाही. सांजप्रार्थनेचा दुसरा शंख होऊन गेला होता. या वेळेला गावात कोणी कोणाच्या दाराशी जात नाही. घराघरांत माणसं चटईवर मांड्या घालून बसलेली, एका घरातलं भजन संपायच्या आत शेजारच्या घरातलं वर चढलेलं, आणि रस्त्याच्या कडेला गावचे तरणे गडी लुंग्या खोचून, हातात काठ्या घेऊन उभे. तिसरा शंख वाजेपर्यंत रस्ता देवाचा. त्यावर पाय ठेवणाऱ्याला दंड, मग तो गावप्रमुखाचा जावई का असेना.

टिचकी पुन्हा वाजली. नखाची होती.

"दुकानातल्या बाईसाहेब, आपल्या प्रार्थनेत विघ्न आणलं, क्षमा असावी."

फुआतिनोचा सूर हलला. असं बोलणं आता कुठे ऐकू येतं? गावप्रमुखांची बैठक बसली आणि म्हातारे वक्ते काठीवर हात ठेवून उभे राहिले तरच. तिचे वडील त्यातलेच. अशा भाषेत कोणी हाक मारली आणि लेकराने ओ दिली नाही, तर ते त्या लेकराला दिवसभर जेवू देत नसत. एकसष्ट वर्षांची झाली तरी ती शिस्त जिभेत होती.

"बोला," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

"मासळीच्या डब्यांची चार खोकी लागतील. सोमवारपर्यंत. सेफोंच्या घरी."

"सांगून ठेवते."

"आपली कृपा."

आवाज बाईचा म्हणावा तर नाही, पुरुषाचा म्हणावा तर तोही नाही. तोंडावर ओलं फडकं धरून बोलल्यासारखा. तिने उरलेलं कडवं म्हटलं, आमेन म्हटलं, तिसरा शंख झाल्यावर गुडघ्यावर हात देत उठली आणि खिडकीशी आली. बाहेर कोणी नव्हतं. खिडकीखाली गिऱ्हाइकाने उभं राहायची फळी होती, ती ओली होती. आठ दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

"टिआ," तिने रस्त्यावरच्या राखणदाराला हाक मारली, "कोण आलं होतं रे आत्ता?"

"कोणी नाही काकू. मी इथंच तर उभा आहे."

आता माणसाचं मन कसं असतं बघा. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती ही गोष्ट तिथेच सोडून भाकरफळ भाजायला चुलीकडे वळली असती. पण त्या महिन्यात दुकानात येणारी प्रत्येक हाक तिला हवीहवीशी झाली होती.

दुकान तिच्या नवऱ्याने, मीकाने, घातलं होतं. राहत्या घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची खोली, कोंबडीची जाळी ठोकलेली खिडकी, जाळीत हात जाईल एवढं भोक. मीठ, काड्यापेटी, रॉकेल, साबण, साखर आणि मासळीचे डबे. मीका गेला तेव्हा तिने त्याला रिवाजाप्रमाणे घरासमोरच पुरलं, वर पांढरं सिमेंट केलं. गिऱ्हाईक त्या थडग्यावर टेकून गप्पा मारी. फुआतिनोला ते आवडे. मीकाला माणसांची सवय होती.

मग बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, आसोमुआचं दुकान उभं राहिलं. आसोमुआ ऑकलंडला वीस वर्षं काढून आलेला, पोट सुटलेला, सदा हसणारा माणूस. काचेचं दार, आतमध्ये गुरगुरणारा फ्रीजर, आइस्क्रीम, निळे दिवे. गाव तिकडे लोटलं. फुआतिनोकडे उरल्या चार म्हाताऱ्या, त्याही आसोमुआच्या दारातला थंड वारा खाऊन मग तिच्याकडे मीठ न्यायला येणाऱ्या.

"आई, दुकान बंद कर आणि इकडे ये," ब्रिस्बेनहून लेक सांगे. "एकटी कशाला राहतेस?"

एकटी कुठे? मीका होता समोर. दुकान चाललं तर त्याच्याजवळ राहता येणार होतं, नाही चाललं तर त्याला पावसापाण्यात टाकून परमुलखात जायचं होतं. एवढाच तिचा हिशेब होता.

भावाचा मुलगा रोपाती ऑकलंडला एका मोठ्या दुकानात विभाग सांभाळायचा. कंपनीने त्याला पुढारपणाच्या शिबिराला पाठवल्यापासून तो दर रविवारी जेवणं झाल्यावर फोन करून आत्याला शिकवायचा.

"आत्या, गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधी त्याला काय हवंय ते आपल्याला कळलं पाहिजे."

"अरे, इथं गिऱ्हाईक तोंड उघडतं ते शेजारणीबद्दल बोलायला. मीठ नंतर आठवतं."

"हसू नकोस गं. तीन दिवस हेच शिकवलं आम्हाला. निर्णय चटकन घ्यायचा. चुकला तर सुधारता येतो. घेतलाच नाही तर समोरचा घेतो. आणि आलेल्याला नाही म्हणायचं नाही. एकदा नाही म्हटलं की ते समोरच्याकडे गेलंच."

म्हणून तिने चटकन निर्णय घेतला. बंदरावरच्या व्यापाऱ्याला फोन करून चार खोकी मागवली.

सोमवारी सकाळी लॉरी खोकी टाकून गेली. सोमवारी दुपारी सेफो, ज्याने शनिवारी जाळंभर मासे आणले होते आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या वर खर्ज लावला होता, तो सेफो अंगणातल्या भाकरफळाच्या झाडाखाली टेकायला म्हणून बसला, आणि उठला नाही. हातातला फळं काढायचा आकडीचा बांबू तसाच उभा.

संध्याकाळच्या आत त्याचा थोरला लेक दुकानाशी आला. मयतीला माणसं चटया घेऊन येतात, त्यांना जाताना डब्यांचं खोकं द्यावं लागतं. कोणी रिकाम्या हाताने परतला तर त्या घराची मान पिढीभर वर होत नाही.

"काकू, खोकी मिळतील का? आसोमुआकडे एकच आहे."

"चार आहेत. तुमच्यासाठीच ठेवलीत."

"आमच्यासाठी?"

"तुमच्या घरून कोणीतरी सांगून गेलं ना. शनिवारी."

"शनिवारी?" पोरगा तिच्याकडे बघत राहिला. "शनिवारी तर बाबा होते."

दुःखात माणूस फार विचार करत नाही. त्याने खोकी खांद्यावर घेतली आणि गेला. विचार करायचं काम फुआतिनोकडे राहिलं.

तिने तो केला, आणि मग बाजूला ठेवला. योगायोग म्हटला. दुसऱ्या दिवशी आसोमुआ रस्ता ओलांडून आला आणि जाळीवर कोपर टेकून उभा राहिला.

"ताई, तुझं नाक तिखट आहे बरं का! माझं एवढं मोठं दुकान, आणि माझ्याकडे एक खोकं. गावात हसू झालं माझं."

"तू थंड वारा विक. डबे मी विकते."

"विक, विक. म्हातारपणी तरी चमकलीस."

तीन आठवड्यांनी पुन्हा टिचकी वाजली. नऊ खोकी. शाळेच्या मास्तरांकडे. या वेळी ती अंगावर काटा घेऊन बसली होती, तरी "आपली कृपा" म्हणणाऱ्या त्या आवाजाला तिने "सांगून ठेवते" म्हटलंच. लॉरी सोमवारी आली, मास्तर बुधवारी गेले. आसोमुआने घाईघाईने मागवलेली खोकी बोटीवरच अडकली. गावात लोक म्हणाले, डबे लागले तर फुआतिनोकडे जा, तिच्याकडे असतात. लांबच्या दोन वाड्यांतूनही माणसं येऊ लागली. आली की मीठ घेत, साबण घेत, थडग्यावर टेकत. फुआतिनोने ब्रिस्बेनला कळवलं, एवढ्यात येत नाही.

"आत्या!" रोपाती फोनवर ओरडला. "तू तर आमच्या साहेबाला शिकवशील! इतका अचूक अंदाज कसा काय बांधतेस?"

"देव सुचवतो," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिचं तोंड कडू झालं. देवाचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा खोटं वापरलं होतं.

तिसऱ्या वेळेला आवाज म्हणाला, "दोन पुरेत. सिएनीच्या घरी." आणि थोडं थांबून, समजूत घातल्यासारखं, "लहान आहे."

त्या संध्याकाळी तिसरा शंख झाला तरी फुआतिनो चटईवरून उठली नाही.

सकाळी ती मूठभर गोड गोळ्या घेऊन सिएनीच्या अंगणात गेली. तीन लेकरं होती. दोन मुलगे जुना टायर पळवत होते, मधली मुलगी कोंबडीच्या मागे होती. तिघंही टवटवीत. फुआतिनो एकेकाकडे बघत राहिली. कोणतं, हे तिला विचारायचं होतं, आणि कोणाला विचारायचं ते ठाऊक असूनही विचारायचं नव्हतं.

"पोरांना जप गं," ती म्हणाली.

"यांना?" सिएनी हसली. "काकू, यांच्यापासून आम्हाला जपा! कालच माझी नवी चटई कात्रीने कापली. आणि आज तुम्ही गोळ्या कशा वाटताय? गोळ्यांचं पोतं आलं की काय?"

सांगावं तर काय सांगावं? तिने गोळ्या वाटल्या आणि परतली. येताना स्वतःला समजावलं की खोकी मागवली नाहीत तर काही होणारही नाही. घरी येऊन तासभर बसली. मग दुसरं मन म्हणालं, आणि झालं तर? त्या घराकडे द्यायला काही नसेल तर? तिने फोन उचलला. तो फोन तिने कोणासाठी उचलला, सिएनीच्या घराच्या अब्रूसाठी की आपल्या दुकानासाठी, हे तिला तेव्हाही सांगता आलं नाही, नंतरही नाही.

गुरुवारी मधलीला ताप आला. शनिवारी सकाळी गावात मयताची घंटा झाली.

सिएनीचा नवरा दोन खोकी न्यायला आला. त्याने जाळीतून आत वाकून मांडणीकडे बघितलं. मांडणीवर तेवढीच दोन होती. बरोबर दोन.

त्यानंतर लॉरी आली की गाव थांबायचं. कपडे वाळत घालणाऱ्या बायकांचे हात वरच राहायचे. लॉरीतून साखर उतरली की त्या श्वास सोडायच्या. पुढे पुढे फुआतिनोने लॉरीवाल्याला सगळ्यात आधी साखरेचं पोतं खाली टाकायला सांगितलं, सगळ्यांना दिसेल असं. त्याने उलटंच झालं. "काहीतरी लपवतेय," बायका म्हणाल्या.

एका सोमवारी लोसा आली. लोसाचा नवरा ताविता पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला. लोसा आणि फुआतिनो एका वर्गात शिकलेल्या, एका रांगेत उभं राहून चर्चमध्ये गाणाऱ्या.

"आज लॉरीत काय आलं गं?"

"साखर. रॉकेल. साबण."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

लोसाने जाळीच्या भोकातून छोटी टोपली पुढे सरकवली. केळीच्या पानावर सहा अंडी होती.

"ही ठेव. आमचं नाव घेऊ नकोस."

"लोसा! अगं, मी नाव घेते का कोणाचं?"

"मग कोण घेतं?"

फुआतिनोने टोपली परत सरकवली. लोसाने अंडी तिथेच ठेवली आणि मागे न बघता गेली.

त्या आठवड्यापासून मीठ न्यायलाही कोणी येईना. माणसं समोरच्या कडेने चालायची. मीकाच्या थडग्यावर कोणी टेकेना. सिमेंटवर पानं साचू लागली. लांबच्या वाड्यांची माणसं खोकी न्यायला यायची ती दोन हात लांब उभी राहून, बोट करून दाखवायची. डबे मात्र खपत होते. फुआतिनोच्या एक दिवस ध्यानात आलं की दुकानाला आता एकच गिऱ्हाईक उरलंय. बाकीची सगळी त्याने पाठवलेली.

आसोमुआ तेवढा येई. त्याला कशाची भीती म्हणून नव्हती.

"ताई, खरं सांग. जिल्ह्याच्या दवाखान्यातली नर्स तुझी कोण लागते?"

"कोणी नाही."

"मग कळतं कसं तुला? मी सांगणार नाही कोणाला. धंद्यातलं माणूस धंद्यातल्या माणसाशी बोलतंय."

एवढे दिवस गिळलेलं होतं. ती बोलली. टिचकी, फळी, ती अदब, ते "लहान आहे", सगळं. आसोमुआने हसू दाबत ऐकलं आणि शेवटी सोडून दिलं.

"अगं, मग त्याला माझ्याकडे पाठव की! माझ्याकडे उजेड आहे, गोदाम आहे, दाराला घंटी आहे. एवढं मोठं गिऱ्हाईक तू कोंबडीच्या जाळीतून वागवतेस?"

"हसण्यावारी नेऊ नकोस, आसोमुआ. मला खरंच भीती वाटते."

"भीती वाटते आणि मालही मागवतेस." तो जाताना म्हणाला. टोमणाच होता, पण त्याने स्वतःलाही कळू नये इतका नेमका मारला.

रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन होतं. त्या माणसाचं प्रवचन ऐकावं ते कानांनी नव्हे, सगळ्या अंगाने. बोलता बोलता त्यांचा शब्द कधी सुरात चढे कळत नसे. मग पुरुषांची रांग खालून खर्ज धरी, बायकांची वरून पसरे, आणि चर्चच्या छपराखाली अशी काही दाटी होई की डोळे आपोआप भरून यावेत. त्या दिवशी मेंढपाळाचं आख्यान होतं. मेंढरं हाकेमागे जातात, पण परक्याच्या हाकेमागे जात नाहीत. "लेकरांनो," पाळकसाहेब म्हणाले, "परकी हाकसुद्धा गोड असते. सौजन्याची असते. ती तुमचं नाव घेते, तुमची क्षमा मागते. ओ द्यायच्या आधी विचारा, ही हाक मला कोणाकडे नेते?" आणि तो प्रश्नच त्यांनी गायला. तीनदा गायला. तिसऱ्या वेळी अख्ख्या चर्चने तो उचलला.

फुआतिनो बायकांच्या रांगेत होती. तिच्या डाव्या हाताला एक चटई रिकामी होती, उजव्या हाताला एक. तिनेही तोंड उघडलं, पण सूर आला नाही. ती नुसती रडली.

दुपारी रोपातीचा फोन आला.

"मी एक गिऱ्हाईक सोडतेय," ती म्हणाली.

"का? त्रास देतं?"

"नाही. फार अदबीचं आहे."

"मग? धंद्यातला किती हिस्सा आहे त्याचा?"

"सगळा."

"आत्या, तुला वेड लागलंय का? तो माणूस सरळ समोर जाईल! मग तुला ब्रिस्बेनला जावं लागेल, कळतंय ना?"

"कळतंय. तुमच्या शिबिरात गिऱ्हाईक कसं सोडायचं ते शिकवलं नाही का रे?"

"नाही," रोपाती म्हणाला. "ते नव्हतं."

मंगळवारी दुसरा शंख झाला, आणि ती पहिल्या कडव्यात असतानाच टिचकी वाजली.

"दुकानातल्या बाईसाहेब, क्षमा असावी."

फुआतिनोने डोळे मिटले आणि पुढची ओळ घेतली.

"बाईसाहेब, आपला थोडा वेळ हवा होता."

ओ न देणं हे किती कठीण असतं, हे ज्याच्या जिभेवर तसे संस्कार झालेत त्यालाच कळेल. तिच्या जिभेच्या टोकावर "बोला" तयार होता. वडिलांचा चेहरा समोर येत होता. तिने आवाज वाढवला. एकटीचा म्हातारा आवाज तो, त्याला खर्जाचा आधार नाही, कडव्याच्या शेवटी फाटत होता. तरी गात राहिली. खिडकीपलीकडे कोणीतरी ऐकत उभं होतं. चुकला सूर कळावा इतकं लक्ष देऊन.

"आपली मर्जी," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

पावलं वाजली नाहीत. तिने दोन ओळी गायल्या, तिसरी गायली. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. गेलं. आता जाऊ दे दुकान, जाईन ब्रिस्बेनला, मीकाला सांगता येईल काय झालं ते.

आणि मग टिचकी पुन्हा वाजली. तिच्या जाळीवर नाही, काचेवर. लांबून. रस्त्यापलीकडून.

"या, या साहेब!" आसोमुआचा मोठा, आनंदी आवाज आला. "बोला! इथं कुठल्याही वेळेला या!"

फुआतिनोने आयुष्यात एकही प्रार्थना अर्ध्यावर सोडली नव्हती. ती उठली. गुडघा कुरकुरला, लुंगीचं टोक पायात आलं. दार उघडून ती मीकाच्या थडग्याला वळसा घालून थेट रस्त्यावर उतरली.

"काकू!" टिआ काठी टाकून धावला. "अहो काकू, प्रार्थना चाललीय! कुठं निघालात?"

"दंड लाव."

"खोकंभर डबे आहे दंड, काकू!"

"आहेत माझ्याकडे."

तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून गाणं अडखळत गेलं. आधी लोसाच्या घरातलं, मग सिएनीच्या. बिनभिंतीच्या घरांत बसलेली माणसं माना वळवून बघत होती. म्हातारी फुआतिनो, गावातली सगळ्यात कडक धर्माची बाई, देवाच्या रस्त्यावरून झपझप चालत होती, डोक्याचे पांढरे केस सुटलेले.

आसोमुआच्या दारात कोणी नव्हतं. पायरी ओली होती. काचेवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीपेक्षा थोडं वर, श्वासाचं धुकं होतं, बाहेरच्या अंगाने. ते हळूहळू विरत होतं.

आत आसोमुआ गल्ल्यामागे उभा राहून कागदावर लिहीत होता. मागच्या खोलीत त्याच्या घरचं भजन चाललं होतं.

"ताई! आलं बरं का तुझं गिऱ्हाईक!" त्याचा चेहरा फुललेला होता. "मला वाटलं तू थापा मारतेस. काय अदबीचं माणूस गं! अगदी आमच्या आजोबांसारखं बोलणं. दिसलं नाही नीट, दिव्याची तिरीप होती काचेवर."

"हो म्हणालास?"

"मग काय नाही म्हणू? चाळीस खोकी, ताई! चाळीस!"

जुने पाळकसाहेब गेले तेव्हा सगळा जिल्हा लोटला होता, आणि तरी पंचवीसच खोकी लागली होती.

"कोणाच्या घरी?" फुआतिनोने विचारलं.

"काय?"

"कोणाच्या घरी पोचवायची म्हणाला?"

आसोमुआचं पेन थांबलं. हसू तोंडावरच होतं, पण त्याच्या मागे आता कोणी नव्हतं.

"ते मी विचारलंच नाही," तो म्हणाला. "मी आपला म्हटलं, साहेब, पोचवायची कटकट कशाला, माल इथंच ठेवतो, इथूनच न्या."

"मग?"

"तो म्हणाला, बरं. इथूनच नेऊ."

फ्रीजर गुरगुरत होता. फुआतिनोने गल्ल्याला वळसा घातला आणि त्या थोराड माणसाचा हात धरून त्याला बाहेर पायरीवर आणलं. तो लहान मुलासारखा आला. ती ओल्या पायरीवरच बसली, त्याला शेजारी बसवलं. समोर अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

"म्हण माझ्याबरोबर," ती म्हणाली, आणि मागच्या खोलीतलं कडवं जिथे होतं तिथून तिने ते उचललं.

आसोमुआचे ओठ हलले. तो मान थोडी मागे वळवून आतलं गाणं ऐकत होता, आणि त्या एकत्र सुरांतून एकेक आवाज वेगळा काढत होता: आईचा, बायकोचा, थोरलीचा, जुळ्यांचा. शेवटपर्यंत पोचला की पुन्हा पहिल्यापासून.